पत्रे ओले करून काढायचे

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली लिंबाजी सोनकांबळे यांना दम घ्यायला फुरसत नव्हती. नव्या कचेऱ्या, नवी गोदामं, साहेबलोकांची क्वार्टरं, सगळ्यांवर सिमेंटचे पत्रे चढत होते आणि पत्रे टाकावेत तर लिंबाजींनीच, असं गुत्तेदार म्हणायचे. करवतीनं पत्रा कापायचा, भोक पाडायचं, हूक-बोल्ट आवळायचा. संध्याकाळी घरी आले की भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. सरजाबाई त्यांना अंगणात उभं करून फडक्यानं झटकायची आणि मगच आत घ्यायची. थोरला साहेबराव शाळेत रमला नाही, तो बापाच्या हाताखाली गेला. बाप पत्रा धरायचा, पोरगा करवत ओढायचा. कामावर उरलेले, कोपरे उडालेले पत्रे आणून लिंबाजींनी आपल्या प्लॉटवरच्या तीन खोल्या झाकल्या. लेकीला, पंचशीलाला, मात्र त्यांनी शिकवलं. ती सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली.

लिंबाजी म्हातारपणी छातीत पाणी होऊन गेले. आधी टीबीची औषधं झाली. मग सोलापूरच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "हे काम काय करत होते?" पंचशीलानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसावरच्या पापुद्र्याचा कॅन्सर आहे. त्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं." बापाला मशीनपुढं तिनंच उभं केलं होतं. श्वास रोखा म्हटल्यावर त्यांना रोखता येत नव्हता, हे ती कधी विसरली नाही.

दोन हजार सोळाच्या चैत्रात लातुरात पाणी नावाला उरलं नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती जमाव करू नये असा हुकूम होता, तरी हंड्यांवरून डोकी फुटत होती. बांधकामाला पाणी बंद झालं आणि साहेबराव घरी बसला. तो आता पन्नाशीचा होता, स्लॅबचं सेंट्रिंग करायचा. बायको वारली होती, लेक पुण्याला कामाला. घरात तो, म्हातारी सरजाबाई आणि नवऱ्याशी पटलं नाही म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी परत आलेली पंचशीला, अशी तिघं राहत.

मागच्या गारपिटीत स्वयंपाकघरावरचे पत्रे तडकले होते. वरून प्लास्टिक अंथरून दिवस काढले होते. पण चैत्राचा वारा सुटला की पत्रे एकमेकांवर घासायचे आणि खाली बारीक राखाडी भुगा पडायचा. एका दुपारी तो सरजाबाईच्या ताटात पडला. म्हातारीनं बोटानं बाजूला सारला आणि जेवायला लागली. पंचशीलानं ताट ओढून घेतलं.

"दादा, हे पत्रे आता काढायलाच पाहिजेत."

"मी तरी दुसरं काय मनतोय?" साहेबराव म्हणाला. "हात रिकामेच हैत. घण घेऊन चढतो, दुपारपर्यंत साफ. वर टीनाचे टाकू."

"घणानं न्हाई. फोडायचे न्हाईत हे. जाणत्या माणसाकडून काढून घ्यायचे. बिदरची एक टोळी हाय, हैदराबादच्या कारखान्यांची जुनी छतं उतरवती. आमच्या डॉक्टरांनी नंबर दिलाय."

साहेबराव हसला. "मी पत्र्याखाली वाढलो. हे पत्रे मी आन् अप्पानं टाकलेत. आन् काढायला बिदरहून माणूस?"

"अप्पा कशानं गेले?"

"वयानं गेले."

"दादा, मी फोटो बघितलाय."

"मग लातुरात हजार घरांवर हेच पत्रे हैत. सगळे मेले का?"

"वर गप पडलेला पत्रा काही करत न्हाई," पंचशीला म्हणाली. "फोडला, घासला, की त्याची धूळ उडती. ती दिसतबी न्हाई. छातीत गेली की निघत न्हाई. माय इथंच झोपती, दादा."

"तुझ्या दवाखान्याचं दवाखान्यात ठेव," असं म्हणून तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळची ड्युटी करून गल्लीत शिरली तर घणाचा आवाज येत होता. धाड, मग फुटलेले तुकडे खाली पडल्याचा आवाज, परत धाड. न्हाणीघरावरचे पत्रे साहेबरावनं निम्मे पाडले होते. तोंडाला साधा गमछा होता, तोही हनुवटीवर आलेला. पाठीवरचा घाम राखाडी झाला होता. उन्हात धूळ पिठासारखी तरंगत होती आणि खाली दारात सरजाबाई पदर नाकाला लावून त्याला उतर, उतर म्हणत होती.

पंचशीलानं पिशवी टाकली, आईला ओढत समोरच्या रुक्मिणबाईंच्या ओसरीवर नेलं आणि परत येऊन शिडी चढली.

"थांबव! दादा, थांबव मनते ना!"

त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या पत्र्यावर घण उचलला. तिनं हात लांबवून त्याचा घोटा धरला.

"सोड."

"आधी घण खाली टाक."

"पंचे, सोड मनलो ना!"

ती सोडेना. त्यानं पाय झटकला. एकदा झटकला तरी ती धरून होती. मग त्यानं पाय मागं घेऊन जोरात हाणला. टाच तिच्या तोंडावर बसली. शिडी सरकली आणि ती धुण्याच्या दगडावर कुशीवर पडली. ओठ आरपार फाटला होता. तिनं हातावर थुंकलं तर रक्तात पुढचा दात होता.

सरजाबाई धावत आली. लेकीकडं बघितलं, मग वर लेकाकडं. पडलेला पत्र्याचा तुकडा उचलून तिनं त्याच्याकडं भिरकावला. तो त्याच्यापर्यंत पोचलाही नाही, भिंतीवर आपटून फुटला.

"बापानं कधी लेकीवर हात उगारला न्हाई रे," ती ओरडली. "तू लाथ घातलास!"

साहेबराव खाली उतरला. घण कुठं ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी घण भिंतीला टेकवून तो उकिडवा बसला. गल्लीतली माणसं दारात आली होती. समोरच्या घरातले शेषेराव, रुक्मिणबाईंचे मालक, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, तेही आले. पंचशीलाला रिक्षात घालून तेच दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "पोरी, तक्रार द्यायची असंल तर मी साक्ष देतो." तिनं नको म्हणून मान हलवली. ओठाला टाके पडले.

ती परतली तेव्हा साहेबराव तिथंच बसून होता. त्यानं फुटके तुकडे तसेच ठेवले होते, त्यांना हात लावला नव्हता. ती समोर बसली. बोलता येत नव्हतं, तेव्हा तोच बोलला.

"अप्पा पत्र्यानं मेला मनतीस."

तिनं मान हलवली.

"करवत कोण ओढत होतं मग? मीच ना? तो नुसता धरायचा. धूळ माझ्या तोंडावर यायची." तो जमिनीकडं बघत होता. "तू अप्पाचं नाव काढलीस की मला वाटतंय, ही माझंच मरण सांगून राहिली. दरवेळी तसंच वाटतंय."

पंचशीला फाटक्या ओठानं म्हणाली, "एकदा फोटो काढ. मी काढते."

"न्हाई."

"दादा..."

"फोटोचं बोलू नको. त्या बिदरवाल्याला बोलव जा. मी आडवा येत न्हाई."

बिदरवाला म्हणजे मलप्पा. आडव्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. येऊन आधी त्यानं घराला एक चक्कर मारली. न्हाणीजवळचा ढीग बघितला, साहेबरावकडं बघितलं, पण काही बोलला नाही. प्लास्टिकचा जाड कागद आणून ढीग झाकला आणि मग सांगितलं कसं करायचं ते. घर रिकामं करायचं. त्याची माणसं अंगभर पांढरा पोशाख आणि गाळणीचे मास्क घालून चढणार. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळ्या टाकून त्यावरून चालायचं. पत्रा साबणाच्या पाण्यानं पुरता भिजवायचा, बोल्ट कापायचे, अख्खा पत्रा दोरानं खाली सोडायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. मग सरकारनं अशा कचऱ्यासाठी ठरवलेल्या जागी न्यायचा.

"पाणी किती लागंल?" पंचशीलानं विचारलं.

"एक टाकी तरी लागतंय. थोडं थोडं मारत राहायचं, पत्रा वाळू द्यायचं नाय."

सरजाबाई कपाळावर हात मारून हसली. "इथं प्यायला न्हाई बाबा. पत्र्याला आंघोळ कुठून घालायची?"

"आजी, सुक्का पत्रा मी हात लावत नाय," मलप्पा म्हणाला. "सुक्का काढायचं तर तुमचा लेक हायच की."

साहेबरावच्या मानेची शीर उठली. पण पाण्याची तोड त्यानंच काढली. गावाबाहेर मुरूडच्या रस्त्याला दगडाची जुनी खदान होती. तळाशी हिरवं, वास मारणारं पाणी उरलं होतं. जनावरंसुद्धा तोंड लावत नव्हती. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून ते टाकीत भरून आणायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी पंचशीला गल्लीत दारोदार गेली. उद्या पत्रे निघणार आहेत, दारं-खिडक्या लावून घ्या, आणि जे पाणी मारणार आहोत ते खदानीचं आहे, पिण्याचं नाही. शेषेरावांनाही तिनं सांगितलं. ते म्हणाले, "कर बाई कर, माझी काही हरकत न्हाई. माय आमच्याकडंच राहू दे दिवसभर."

सकाळी काम सुरू झालं. मलप्पाचा मुख्य गडी बसवंत आणि आणखी दोघं पांढऱ्या पोशाखात वर चढले. पाठीवर फवारणीचे पंप होते, शेतात औषध मारायचे तसे. अंगणात ट्रॅक्टरची टाकी उभी होती. ती आली तेव्हाच बायका हंडे घेऊन जमल्या होत्या. पंचशीला म्हणाली, "बायांनो, हे घाण पाणी हाय, देता येत न्हाई." काही परतल्या. एक म्हणाली, "वापरायला चालंल की, संडासाला." पण मलप्पानं तोवर पाण्यात साबण ओतला होता. "आता नको," तो म्हणाला. बाई हंडा आपटत गेली. साहेबरावला आत यायची मनाई होती. तो फाटकापाशी उभा राहून रिकामे हंडे जाताना बघत होता.

पहिले पत्रे छान निघाले. भिजून काळेशार झालेले पत्रे दोरावरून अलगद खाली येत होते, एक कणही उडत नव्हता. पण पत्र्याच्या पन्हाळ्यांतून पाणी खाली ठिबकत होतं, अंथरलेल्या ताडपत्रीवरून वाहत होतं आणि ताडपत्रीचा एक कोपरा दुमडलेला असल्यामुळं त्याची धार फाटकाखालून गल्लीत गेली होती.

त्याच वेळी शेषेराव रिक्षातून उतरले. पहाटे रुक्मिणबाई टाकीवर पाण्याला गेल्या होत्या. रांगेत रेटारेटी झाली, त्या पडल्या आणि त्यांच्या मनगटावर कुणीतरी पाय दिला. हाताला प्लास्टर घालून शेषेराव त्यांना घेऊन येत होते. रिक्षात मागं स्टीलची घागर होती, रिकामी. रुक्मिणबाई वेदनेनं कण्हत होत्या. शेषेराव उतरले आणि त्यांचा पाय ओल्यात पडला.

त्यांनी खाली बघितलं. मग वर बघितलं. पांढऱ्या कपड्यातली तीन माणसं घरावर पाणी मारत होती.

"बंद करा!" ते ओरडले. "बंद करा रे ते!"

फाटकातून साहेबराव म्हणाला, "काका, खदानीचं पाणी हाय. काल सांगितलं न्हाई का?"

"खदानीचं असू दे न्हाईतर गटारीचं! माझ्या बायकोचा हात मोडला एका घागरीसाठी, आन् तुम्ही घराला पाणी पाजायलाव?"

रस्त्यानं टाकीवरून परतणारी माणसं होती. ती थांबली. सकाळपासून उभं राहून हात हलवत निघालेली माणसं. कुणी विचारलं नाही की पाणी कसलं आहे. "घर धुवायलेत" एवढंच मागं मागं गेलं, आणि बघता बघता गल्ली भरली. पंचशीला टाकीपाशी धावली, ओंजळीत पाणी घेऊन आली. "बघा, वास घ्या याचा!" तिच्या हातावर कुणीतरी फटका मारला. पाणी सांडलं.

पहिला दगड कुणी मारला हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही. तो टाकीवर लागला, ठण्णकन. दुसरा पत्र्यावर गेला आणि पत्रा फुटला. मग दगडांची झोडच उठली. वरचे दोघं शिडीकडं सरकले. बसवंत पलीकडच्या टोकाला होता. एक दगड त्याच्या खांद्यावर बसला. तो तोल सावरायला फळीवरून बाजूला झाला, पाय पत्र्यावर पडला, आणि पत्रा त्याला घेऊन खाली गेला.

स्वयंपाकघरातून ओट्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि मग माणसाची किंकाळी.

मलप्पा दाराकडं धावला, पण त्याच्या आधी साहेबराव आत होता. मास्क नाही, काही नाही. वरून अजून दगड पडत होते, फुटके पत्रे कोसळत होते आणि सुकलेल्या बाजूची धूळ सगळ्या खोलीत भरली होती. बसवंत ओट्याखाली पडला होता, मांडी मधूनच वाकडी झालेली. साहेबरावनं त्याला उचललं नाही. आधी कोपऱ्यात राहिलेली खाट त्याच्यावर सरकवली, म्हणजे वरचे तुकडे लागणार नाहीत. मग मलप्पानं आणि त्यानं अंगाखाली फळी सरकवून त्याला बाहेर अंगणात आणलं. पांढऱ्या पोशाखाच्या मांडीवर रक्त पसरत होतं. बसवंत कानडीत आईला हाका मारत होता.

दगड अजून थांबले नव्हते.

साहेबरावनं अंगणातली पहार उचलली आणि फाटक उघडलं.

लोक मागं सरकले. शेषेराव सरकले नाहीत. म्हातारा माणूस, हातात दगड होता. त्यांनीच बसवंतला मारला होता का, ते साहेबरावला माहीत नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. पहार आडवी फिरवली. ती खांद्यापाशी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. शेषेराव गुडघ्यावर पडले. साहेबरावनं पहार परत डोक्यावर नेली.

"साहेबराव!" समोरच्या ओसरीवरून सरजाबाई ओरडली. "अरे, मरंल तो!"

त्याला ऐकू आलं नाही. त्याचे डोळे पंचशीलानं बघितले आणि तिला कळलं की याला आता हाक मारून उपयोग नाही. रिक्षात ती स्टीलची घागर तशीच होती. तिनं गळ्याला धरून ती ओढली आणि दोन्ही हातांनी, अंगात होता तेवढा जोर लावून, भावाच्या डोक्यात घातली.

पहार सुटून दगडांवर खणखणली. साहेबराव उभ्या जागी फिरला, बहिणीकडं बघितलं, जणू तिला ओळखत नाही, आणि शेषेरावांच्या शेजारीच आडवा झाला. त्याच्या कानामागून रक्त आलं आणि गल्लीतल्या ओल्यात मिसळत गेलं.

ज्यांच्या हातात दगड होते त्यांनी ते हळूच टाकून दिले.

तिघांनाही एकाच गाडीत दवाखान्यात नेलं. बसवंतची मांडी, शेषेरावांच्या गळ्याखालचं हाड, साहेबरावची कवटी. एक्स-रेच्या खोलीत पंचशीलाची जोडीदारीण ड्युटीवर होती. तिनं पंचशीलाला मशीनजवळ येऊ दिलं नाही. "आधी आंघोळ कर, कपडे इथंच पिशवीत बांधून टाक," ती म्हणाली. "तुझी पाळी न्हाई ही." साहेबरावला खोकल्याची उबळ येत होती म्हणून डॉक्टरांनी त्याच्या छातीचाही फोटो काढायला सांगितला.

कवटीला तडा नव्हता. छातीच्या फोटोत फुप्फुसाच्या पदराला चुन्याच्या फटकाऱ्यांसारखे पांढरे डाग होते, दोन्ही बाजूंना. ते आजचे नव्हते, फार जुने होते.

डॉक्टरांनी पंचशीलाला समजावलं की हा कॅन्सर नाही, पण पत्र्याच्या धुळीची खूण आहे. दरवर्षी दाखवायचं, आणि विडी आजपासून बंद. ते साहेबरावला कुणी सांगायचं, हा प्रश्न नव्हता. ती वॉर्डात गेली. दारात पोलीस बसला होता. डोक्याला पट्टी बांधलेला साहेबराव छताकडं बघत पडला होता.

"सांग," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर दिसायलंय."

तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तो ऐकत राहिला.

"म्हणजे इतकी वर्षं हे आतच होतं."

"हाव."

"आन् मी तुझा दात पाडलो."

तिनं त्याच्या उशाची बाटली उचलून झाकण उघडलं आणि त्याच्या हातात दिली. तो दोन घोट प्याला आणि बाकीचं तिला परत दिलं.

संध्याकाळी फौजदार जबाब घ्यायला आले. तिनं जे बघितलं ते सांगितलं. शेषेरावांच्या हातात दगड होता, पण तो त्यांनी मारलेला तिनं बघितला नाही. पहार भावानं मारली. दुसऱ्यांदा उगारली होती. घागर आपण घातली. फौजदारांनी पेन थांबवलं.

"बाई, सख्ख्या भावाविरुद्ध देताय हा जबाब. समजतंय ना?"

"विरुद्ध न्हाई आन् बाजूनंबी न्हाई साहेब. झालं तसं सांगून राहिले."

साहेबराव काही दिवस आत राहिला आणि जामिनावर सुटला. दगडफेकीतही काही जणांवर गुन्हे लागले. बसवंतच्या मांडीत सळई घातली. मलप्पा त्याला बिदरला पोचवून आला. तो परत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण अर्धं छत उघडं, अर्धं लोंबकळत, घरभर तुकडे, असं सोडून जाणं त्याला पटत नव्हतं. "अर्धं काम न केलेल्या कामापेक्षा वाईट," तो म्हणाला. तोवर सगळं घर त्यानं ताडपत्रीनं बांधून ठेवलं होतं आणि मायलेकी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या.

यावेळी दोन शिपाई फाटकाशी उभे होते. टाकी आली तेव्हा पंचशीलानं ती अंगणात घेतलीच नाही. गल्लीच्या तोंडाशी उभी करून नळी सोडली आणि बायकांना बोलावलं. "साबण घालायच्या आधी या. बघा, वास घ्या. कुणाला न्यायचं असंल तर घेऊन जा." बायका आल्या. हिरवं पाणी बघून एकीनं नाक मुरडलं. दोघीतिघींनी तरीही हंडे भरले, संडासाला म्हणून. मग कुणीच आलं नाही. टाकी आत गेली, साबण पडला आणि काम सुरू झालं.

साहेबरावनं मलप्पाला विचारलं होतं, "मला घेशील का हाताखाली?" मलप्पानं त्याच्या डोक्याच्या टाक्यांकडं बघून वर नको म्हणून मान हलवली आणि खालचं काम दिलं. पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क, साहेबराव दोरानं उतरलेले ओले पत्रे झेलत होता आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावत होता. फुटलेले तुकडे त्यानं स्वतः भिजवून हातमोज्यानं एकेक वेचले. घाई केली नाही. खोकला आला की बाजूला जाऊन बसायचा आणि परत यायचा.

दिवस कलताना छत संपलं. भिंतींवर नुसतं आभाळ राहिलं. साहेबरावनं पोशाख काढून पिशवीत बांधला, तोंड धुतलं आणि फाटकात येऊन उभा राहिला.

समोर रुक्मिणबाई प्लास्टरचा हात पदरात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवसानंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. त्या पंचशीलाकडं बघून म्हणाल्या, "पंचशीला, आमच्या मागच्या खोलीवर काय हाय गं? तुमच्यासारखेच हैत का पत्रे?"

पंचशीला उत्तर देणार तोवर साहेबराव बोलला. "तेच हैत काकू. अप्पानंच टाकून दिले होते. मी होतो संगं." मग म्हणाला, "तडकले नसतील तर राहू द्या. पण त्याला हात लावू नका. घासू नका, भोक पाडू नका."

आतून शेषेराव बाहेर आले. डावा हात गळ्यात अडकवलेला होता. ते उंबऱ्यातच थांबले. दोन्ही माणसं एकमेकांकडं बघत राहिली. एका शिपायानं काठी सरळ केली.

"केस मी मागं घेणार न्हाई," शेषेराव म्हणाले.

"नका घेऊ."

"हात पहिल्यासारखा वर जात न्हाई माझा."

साहेबरावनं मान खाली घातली.

"एक कोपरा तडकलाय," शेषेराव म्हणाले. "मागच्या गारांनी. मी सिमेंटनं बुजवायचं म्हणत होतो."

"नका बुजवू. मलप्पाण्णा अजून आत हाय. मी पाठवतो त्याला, बघून घेईल."

"तू ये संगं," शेषेराव म्हणाले. "टाकलेत कसे ते त्याला काय माहीत."